कोळेरोगाशी नैसर्गिक झुंज: मुळांशी यश, घोसावर मर्यादा

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानासाठी २,४८१ कोटी रुपयांची तरतूद आहे. साडेसात लाख हेक्टर क्षेत्र, एक कोटी शेतकरी आणि गावपातळीवर निविष्ठा पुरवणारी १०,००० जैव-निविष्ठा केंद्रे अशी त्याची उद्दिष्टे आहेत. या अभियानाची खरी कसोटी पश्चिम घाटाच्या पायथ्याशी लागेल. सुपारी, काळी मिरी, वेलची आणि नारळाच्या बागांमध्ये जून ते सप्टेंबर हे चार महिने कुजीचे असतात आणि तिथे चुकलेल्या उपायाची किंमत त्याच हंगामात मोजावी लागते. मिरीचा वेल किंवा माड मेला, तर पुढची कित्येक वर्षे ती भरून निघत नाही.

सिंधुदुर्ग, गोवा, उत्तर कन्नड ते कासारगोड या पट्ट्यातील बागायतदारांना सुपारीचा कोळेरोग वेगळा सांगावा लागत नाही. हिरव्या फळांच्या देठाजवळ पाणी धरल्यासारखे डाग पडतात, फळे गळू लागतात आणि गळालेल्या फळांवर पांढरट बुरशीचा थर चढतो. मिरीचा वेल हिरवा दिसत असतानाच काही दिवसांत पाने टाकून मरतो, त्या द्रुत मर रोगामागेही याच कुळातील जीव आहे. त्याचे नाव फायटोफ्थोरा.

शास्त्रीय वर्गीकरणात फायटोफ्थोरा खरी बुरशी नाही. तो बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांना जवळचा आहे. हा केवळ अभ्यासकांचा तपशील म्हणून सोडून देता येत नाही. कार्बेन्डाझिमसारखी सर्रास वापरली जाणारी बुरशीनाशके त्याच्यावर चालत नाहीत. त्यांवर खर्च करणाऱ्या बागायतदाराचे पैसेही जातात आणि फवारणीची वेळही. दुसरे असे की, या जीवाचे बीजाणू पाण्यात पोहतात. मातीत पाणी साचले की ते मुळापर्यंत पोचतात. वादळी पावसाचे तुषार त्यांना एका घोसावरून दुसऱ्या घोसावर नेतात. त्यामुळे नैसर्गिक नियंत्रणाचा पहिला उपाय बाटलीत मिळत नाही. तो चर खणण्याचा, दाट सावली विरळ करण्याचा, मेलेले वेल मुळासकट काढून बागेबाहेर नष्ट करण्याचा आणि पावसाळ्यात मुळांना इजा होईल अशी मशागत टाळण्याचा आहे. या कामांना जाहिरात मिळत नाही, म्हणून शिफारशींच्या यादीत ती पहिली असूनही अंमलात शेवटी येतात.

सुपारीच्या घोसावर मात्र प्रश्न अधिक अवघड आहे. कर्नाटकच्या मलेनाडू भागात गवताच्या विणलेल्या टोप्या घोसांवर बांधून पाऊस अडवण्याची जुनी रीत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर संस्थानात काम करणारे कॅनडाचे शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी कोळेरोगाचा अभ्यास केला आणि बोर्डो मिश्रणाची फवारणी रूढ केली. आजही शिफारस तीच आहे: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर आणि दुसरी साधारण ४० ते ४५ दिवसांनी. मिश्रण नीट जमले की नाही हे पाहण्यासाठी लोखंडी सुरी बुडवून तिच्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो का ते तपासण्याची पद्धतही टिकून आहे. थर चढला तर चुना कमी पडला. शंभर वर्षांत या उपायाला पूर्णपणे मागे टाकणारे काही आले नाही. गवती टोप्यांची जागा काही बागांत प्लास्टिकच्या आवरणाने घेतली, एवढाच फरक.

मग बोर्डो मिश्रण नैसर्गिक मानायचे की रासायनिक? सेंद्रिय शेतीच्या मानकांत तांब्याच्या क्षारांना मर्यादित वापराची मुभा आहे. नैसर्गिक शेतीचा कडवा पुरस्कार करणाऱ्यांना मात्र ते मान्य नाही. त्यांची हरकत निराधार म्हणता येत नाही. तांबे हे मूलद्रव्य असल्याने ते विघटित होत नाही. दशकानुदशके फवारलेले तांबे मातीत साठत राहते. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली ती याच कारणासाठी. तरीही, ज्या बागायतदाराला जुलैच्या झडीत घोस वाचवायचा आहे त्याला तांबे पूर्ण सोडण्याचा सल्ला देणे, त्याच्या हाती तितकाच भरवशाचा पर्याय नसताना, धाडसाचे ठरेल. वाळलेला बोर्डोचा थर पावसातही फळाला चिकटून राहतो. जिवंत जीवाणू किंवा बुरशीचा थर झोडपणाऱ्या पावसात तसा टिकत नाही. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते वाद तांबे हवे की नको असा नसून ते किती, कुठे आणि केव्हा, असा असायला हवा.

जैविक उपायांचे खरे सामर्थ्य जमिनीखाली दिसते. ट्रायकोडर्मा ही परोपजीवी बुरशी रोगकारक जीवाच्या तंतूंना विळखा घालते, अन्न व जागेसाठी त्याच्याशी स्पर्धा करते आणि त्याला मारक द्रव्ये स्रवते. कोझिकोड येथील भारतीय मसाला संशोधन संस्थेने मिरीसाठी तिचा वापर रूढ केला. कुजलेले शेणखत व निंबोळी पेंड यांत ती वाढवून पावसाआधी वेलाच्या बुंध्याशी द्यायची, हा त्याचा गाभा. मिरीचा वेल वाचवायचा तर ती रोग दिसण्यापूर्वी मातीत रुजलेली हवी. पाने गळू लागल्यावर टाकलेल्या ट्रायकोडर्माचा उपयोग जवळजवळ नाही. शिवाय तांबे तिलाही मारते. एकाच आठवड्यात बुंध्याशी बोर्डोची आळवणी आणि ट्रायकोडर्माचे खत दोन्ही देणारा बागायतदार आपल्याच हाताने दुसऱ्याचा खर्च वाया घालवतो. दोन्हींमध्ये किमान पंधरवड्याचे अंतर हवे.

माडाच्या बुंध्याच्या कुजीचे उदाहरण वेगळे आहे. तंजावर परिसरात १९५० च्या दशकात नोंदला गेलेला हा रोग गॅनोडर्मा या खऱ्या बुरशीमुळे होतो. तो संथ चालतो. त्यामुळे दर माडाला वर्षाला सुमारे पाच किलो निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा, आणि बाधित माडाभोवती चर खणून मुळांचा संपर्क तोडणे या उपायांना काम करायला वेळ मिळतो. फायटोफ्थोरा इतकी सवड देत नाही.

वाणांकडूनही मदत मिळते. ‘आयआयएसआर शक्ती’ ही मिरीची जात द्रुत मर रोगाला बऱ्यापैकी तोंड देते. दक्षिण अमेरिकेतून आलेली पायपर कोलुब्रिनम ही रानमिरी तर रोगाला प्रतिकारक आहे आणि तिच्या खुंटावर मिरीचे कलम केले जाते. मात्र तिला बारमाही ओलावा लागतो. पाटाचे पाणी असलेल्या गोव्याच्या कुळागरांत ते कलम तग धरू शकेल. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या डोंगरउतारावर तशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

आता अभियानाच्या अंमलबजावणीकडे वळू. ट्रायकोडर्मा विक्रीसाठी तयार करायचे तर कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदणी लागते आणि प्रत्येक ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत घटक असावेत, असे प्रमाण आहे. शंखजिऱ्याच्या पावडरीतील हे जीव महिन्यांगणिक मरत जातात. तापलेल्या पत्र्याखालच्या गोदामात आणखी वेगाने. पिशवीवरील छापील आकडा आणि बागेत पोचलेला जिवंत साठा यांतील अंतर शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही. गावातील केंद्रांत बनणाऱ्या जीवामृतासारख्या द्रावणांना तर ट्रायकोडर्मासारखे जिवंत घटकांचे प्रमाणच लागू नाही. त्यांनी मातीचा पोत सुधारत असेलही, पण कोळेरोगावर ती चालतात असा दावा करण्यापूर्वी अनेक पावसाळ्यांच्या, अनेक ठिकाणच्या चाचण्या हव्यात.

मजुरीचा पेच सर्व पद्धतींना सारखाच आहे. पोफळीवर चढणारे कुशल गडी कमी होत चालले आहेत. कर्नाटकात जमिनीवरून फवारणीसाठी कार्बन फायबरच्या लांब दोट्या वापरात आल्या आहेत, पण लहान बागायतदाराला त्या एकट्याने परवडत नाहीत. आणि रोग कुंपण मानत नाही. शेजारच्या पडीक बागेतील कुजलेली फळे वाऱ्या-पावसाबरोबर इकडे येतात, तेव्हा एका बागेतील नीटस कामही अपुरे पडते. त्यामुळे दोट्या, शेणखताचे ढीग आणि चर खोदण्याचे काम वाडीपातळीवर एकत्र व्हायला हवे. बागायती जिल्ह्यांतील जैव-निविष्ठा केंद्रांसाठी वेळेची मर्यादा आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चशी बांधून चालणार नाही. तिथे ट्रायकोडर्मा मिसळलेले खत मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बुंध्याशी पडलेले असले पाहिजे, आणि त्यासाठी ते शेणखतात मुरवण्याचे काम एप्रिलअखेर सुरू व्हावे लागते.