मोर्चा काढण्याआधी वरच्या कॅमेऱ्याचा हिशेब मागा

हिवाळी अधिवेशनावर नागपूरला मोर्चे आणणाऱ्या सर्व संघटनांना, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून ते मोर्चे पाहणाऱ्यांनाही, ही कळकळीची विनंती आहे. मोर्चाचा मार्ग, वेळ, माणसांची संख्या, लाउडस्पीकर या सगळ्यासाठी आपण पोलिसांकडे अर्ज करतोच. यंदा त्याच अर्जात आणखी चार ओळी घाला. आमच्या डोक्यावर ड्रोन उडणार असेल तर तो कोणाच्या आदेशाने उडणार, काय टिपणार, टिपलेलं कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार? उत्तर लेखी मागा.

ड्रोन नकोच, असं आमचं म्हणणं नाही. नागपूरकराला तसं म्हणवणारही नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी याच शहरात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. पुढे वाट अडलेली आहे आणि मागून रेटा वाढतोच आहे, हे बॅरिकेडपाशी उभ्या असलेल्या शिपायाला कळत नाही. वरून ते चटकन दिसतं. त्यासाठी ड्रोन जरूर उडवा. पण गर्दीची दाटी पाहायला कोणाचा चेहरा लागत नाही, आणि मोर्चा सुखरूप पांगल्यावर ते चित्रीकरण जपून ठेवायचं कारणही उरत नाही.

धास्ती आहे ती या जपून ठेवण्याची. दिल्लीच्या दंगलीनंतर, मार्च २०२० मध्ये, केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने अकराशेहून जास्त लोक हुडकले आणि त्यासाठी मतदार ओळखपत्रं व वाहन परवान्यांची माहिती वापरली. दंगलखोराला पकडू नका असं कोण म्हणेल? पण लायसन्ससाठी आरटीओत काढलेला फोटो उद्या शांततेने चाललेल्या मोर्चातल्या माणसाशी जुळवला तर त्याला अडवणारा नियम कुठे आहे? दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार चेहऱ्याची जुळणी ८० टक्के झाली की पुरे. पुढे आपण तिथे नव्हतोच, हे पटवत बसायचं काम आपलं.

यात सगळ्यात आधी कोण घाबरेल, तेही पाहा. डोक्यावर पदर, पिशवीत डबा, हातात फलक घेऊन आलेली अंगणवाडी सेविका मानधनावर जगते. २०१८ मध्ये याच राज्यात सेविकांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांमधल्या संपाला बंदी घालणारा कायदा, लावला होता. गदारोळ झाला तेव्हा त्याला स्थगिती मिळाली. आपला चेहरा कुठल्या तरी यादीत बसेल एवढी नुसती शंका आली, तरी पुढच्या वर्षी ती घरी थांबेल. तिला अडवायला लाठीची गरजच उरणार नाही.

आणि गोष्ट नुसत्या पाहण्यावर थांबलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंजाब-हरियाणाच्या शंभू सीमेवर हरियाणा पोलिसांनी शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली. शेतकऱ्यांनी काय करावं? पतंग उडवले, ड्रोनच्या पंख्यात दोर अडकावा म्हणून! पंजाबच्या प्रशासनाला हरियाणाला कळवावं लागलं की तुमचे ड्रोन आमच्या हद्दीत आणू नका. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात जालना जिल्ह्यात, मराठा आरक्षण आंदोलनाचं केंद्र असलेल्या अंतरवाली सराटी गावावर रात्री ड्रोन घिरट्या घालतात, ही तक्रार विधानसभेपर्यंत गेली. ड्रोन कोणाचा, हे खालून पाहणाऱ्या गावकऱ्याने ओळखायचं तरी कसं? पोलिसांच्या गाडीवर नाव असतं, शिपायाच्या छातीवर बिल्ला असतो. ड्रोनला दोन्ही नाही.

कायदा काय म्हणतो? शांततेने, शस्त्राविना एकत्र जमणं हा संविधानाच्या कलम १९ ने दिलेला हक्क आहे. खासगीपणा हाही मूलभूत हक्कच, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. त्यात सरकारने हात घालायचा तर आधी कायदा हवा आणि हस्तक्षेप गरजेपुरताच हवा. पण २०२१चे ड्रोन नियम मुख्यतः नोंदणी, वजन आणि हिरव्या-पिवळ्या-लाल हवाई क्षेत्रांची चिंता वाहतात. चित्रीकरण किती दिवस ठेवायचं, हे त्यांत शोधून सापडत नाही. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात तर सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाखाली सरकारी यंत्रणांना वगळण्याची मुभा केंद्राने आधीच ठेवून घेतली आहे. इकडे मुंबईत साध्या नागरिकाने ड्रोन उडवू नये म्हणून पोलिसांचे मनाई आदेश मात्र नेमाने निघतात.

फ्रान्समध्ये लोक न्यायालयात गेले. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने पॅरिसच्या पोलिसांना निदर्शनांवर ड्रोन उडवण्यास मनाई केली. नंतर सरकारने कायदा करून ड्रोन परत आणले, पण अटी घालून: परवानगी आधी घ्यायची, आवाज टिपायचा नाही, ड्रोनवर चेहरा ओळखणारी यंत्रणा नाही, चित्रीकरण जास्तीत जास्त सात दिवस. तो कायदा आदर्श आहे असं नाही. पण पोलिसांचं काम न अडता नियम करता येतात, एवढं तर त्यातून दिसतंच.

म्हणून वकिलांनो, आपापल्या पोलीस आयुक्तालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवस. अधिवेशन येऊन ठेपण्याआधी टाका. आमदारांकडे पत्रं पाठवा, तारांकित प्रश्न विचारायला लावा. पत्रकारांनो, बंदोबस्ताच्या बातमीत ड्रोनची संख्या छापता, तिथेच चित्रीकरणाचं पुढे काय होतं हेही विचारा. आणि मोर्चाच्या आयोजकांनो, अर्जावर शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय पोलीस ठाण्यातून हलू नका.