'लोखंडी सामान' एवढ्याने भागत नाही

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागातील फाऊंड्र्यांतून ओतीव माल सतत बाहेरगावी जात असतो. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, गाड्यांचे सुटे भाग असा तऱ्हेतऱ्हेचा हा माल. पण छोट्या कारखानदाराच्या बिल्टीवर पुष्कळदा दोनच शब्द असतात, 'लोखंडी सामान'. मोघम लिहिले आणि किंमत कमी दाखवली की भाडे वाचते, असा त्यामागे हिशेब असतो. हा हिशेब तोट्याचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मालाच्या सडक वाहतुकीचा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्याच्या नियमांप्रमाणे माल फुटला किंवा हरवला तर ट्रान्सपोर्टवाल्याची जबाबदारी साधारणतः भाड्याच्या दहापट रकमेपुरती, आणि तीही लिहून दिलेल्या किमतीच्या वर नाही. समजा, भाडे ८०० रुपये आणि माल ४०,००० रुपयांचा. तर हाती येणार फार तर ८,०००! जादा जोखमीचा दर कबूल करून तसे कागदावर घेतले, तरच यापुढे मागता येते. शिवाय बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिली नाही, तर दावाच लावता येत नाही.

वर्गवारीचेही तसेच. लोखंड ओतले म्हणून सगळा माल एका कोडात बसत नाही. ओतीव लोखंडाच्या इतर वस्तूंना एचएसएन ७३२५ आहे. पण पंपाचे भाग ८४१३ मध्ये आणि व्हॉल्व्ह व त्यांचे भाग ८४८१ मध्ये मोडतात. बिलावर एक, बिल्टीवर दुसरेच असले की वाटेत गाडी अडते आणि गिऱ्हाईक खोळंबते.

आता पॅकिंग. बिडाचे ओतकाम दाब सोसते, धक्का सोसत नाही. पातळ कडा आणि कान आधी तुटतात. कच्चे जाड ओतकाम गोणपाटात चालेल. मशीनवर घासलेल्या भागाला मात्र गंजरोधक तेल, वर कागद किंवा प्लॅस्टिक आणि लाकडी पेटीत स्वतंत्र खण हवाच. पेटीवर वजन लिहावे. ऐंशी किलोची पेटी एकट्या हमालाच्या पाठीवर द्यायची आणि ती आपटली म्हणून त्यालाच बोल लावायचा, हे न्यायाचे नाही. परदेशी जाणाऱ्या पेटीचे लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवलेले व त्यावर तसा शिक्का असलेला बहुतेक देश मागतात.

विमा उतरवला म्हणूनही निर्धास्त राहू नये. अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेले नुकसान विमा कंपन्या सहसा भरून देत नाहीत.

कारागीर बंधूंनो, साच्यापासून घासकामापर्यंत आपण जीव ओततो. मग शेवटच्या पेटीला आणि दोन ओळींच्या कागदाला कंजुषी का करावी? माल नीट पोचला, तरच तो विकला म्हणायचा.