बंगल्याचा उसासा आणि दीड गुंठा

पुण्यात एखादा जुना बंगला पाडला की आठवड्याभरात त्यावर एक हळवा लेख येतो. कधी प्रभात रोडचा बंगला, कधी मॉडेल कॉलनीतला. दगडी जोतं, व्हरांड्यातला झोपाळा, मागे आंबा, आणि आजोबांनी उन्हात उभं राहून बांधून घेतलेलं घर. शेवटी ठरलेलं वाक्य: आता पुण्यात घर बांधतंय कोण, आता सगळे फ्लॅटच घेतात.

बांधतात की. मी धायरीत राहतो. आमच्या गल्लीत या घटकेला तीन घरं उभी राहतायत. आंबेगाव, धानोरी, वाघोली, मांजरी, कुठेही जाऊन बघा. जागा एक गुंठा, दीड गुंठा. म्हणजे हजार ते सोळाशे चौरस फूट. आधी पत्र्याची खोली, मग भिशी लागली की जोतं, मग स्लॅब. कामावर जायच्या आधी स्लॅबवर आळी करून पाणी कोंडायचं. वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया गच्चीवर सोडून द्यायच्या, गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचं पाणी फासायचं, आणि धाकट्याचं लग्न ठरेपर्यंत थांबायचं. आईचे गुडघे गेलेत म्हणून तिची खोली खाली. रस्त्याच्या अंगाला एक शटर, कारण वहिनी शिलाई करते. गरजेबरहुकूम बांधलेलं घर म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

पण या घरांवर लेख येत नाहीत. यांच्यावर बातम्या येतात, आणि त्यांत शब्द एकच असतो: अनधिकृत.

बंगल्यांच्या आठवणी काढणाऱ्यांनी एकदा आपल्या मिळकतीचे कागद काढून बघावेत. पुण्याच्या पश्चिम भागातल्या अनेक जुन्या मिळकतींवर ‘फायनल प्लॉट’ असा क्रमांक असतो. तो क्रमांक नगररचना योजनेतून आलेला आहे. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा झाला, त्याखाली भांबुर्ड्यासारख्या गावांतली शेतं मोजली गेली, वाकडेतिकडे तुकडे एकत्र करून चौकोनी पाडले, मधून रस्ते सोडले, आणि मग आजोबा घर बांधायला आले. आजोबांचे कष्ट खरेच होते, पण त्यांच्या पायाखालची जमीन सरकारने आधी सरळ करून दिली होती. इतकंच काय, नकाशा कसा असावा हे शिकवायलाही माणसं होती. आर. एस. देशपांडे नावाच्या पुण्याच्या इंजिनिअरांनी मध्यमवर्गीयांनी घरं कशी बांधावीत यावर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली. त्यांचं ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ १९३९ साली पुण्यातूनच निघालं. त्या पिढीला कायदा, रस्ता आणि पुस्तक तिन्ही मिळालं.

आम्हाला मिळाला तुकडेबंदी कायदा. १९४७ चा हा कायदा शेतीचे तुकडे पडू नयेत म्हणून केलेला, आणि शेतीसाठी तो शहाणपणाचाच होता. पण ज्या वावरात गेली वीस वर्षं ज्वारी नाही, फक्त विटांचे ढीग आहेत, तिथेही तोच लागू झाला. २०२३ च्या अधिसूचनेनंतर राज्याच्या बहुतेक भागात किमान क्षेत्र बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस. आता रिक्षा चालवणारा माणूस दहा गुंठे कुठून घेणार? मग अकरा जण मिळून अकरा गुंठ्यांचं एकच खरेदीखत करतात. सातबाऱ्यावर अकरा नावं, पण कुणाचा तुकडा कुठला हे कुठेच नाही. मंजूर रेखांकन नाही म्हणून बांधकाम परवानगी नाही. परवानगी नाही म्हणून बँक गृहकर्ज देत नाही. मग पतसंस्था, आणि तिचा व्याजदर. घर उभं राहिलं की महापालिकेची नोटीस. मालमत्ता कर तर आहेच, वर अनधिकृत म्हणून कराच्या दुप्पट शास्ती लावायची तरतूद कायद्यात आहे.

यावर सरकारचं उत्तर म्हणजे २००१ चा गुंठेवारी कायदा. आधी चोरून बांधा, मग शुल्क भरा, मग तुम्हाला नियमित करू. २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. त्या तारखेनंतर ज्याचे चार पैसे जमले त्याने पुढच्या निवडणुकीची वाट बघायची. २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी शहरी भागात एक गुंठ्यापर्यंत तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा विधानसभेत केली. चांगलंच आहे. पण त्याने खरेदीखत सरळ होईल; आमची नऊ फुटांची गल्ली रुंद होणार नाही.

‘तुम्ही अशी घरं बांधता म्हणून शहराची वाट लागते,’ हे मला चांगल्या शिकलेल्या माणसांनी तोंडावर ऐकवलेलं आहे. त्यातला अर्धा भाग मी मान्य करतो. आमच्याकडे अग्निशमनाची गाडी वळत नाही. काळ्या मातीत पाया किती खोल न्यायचा हे मिस्त्री अंदाजाने सांगतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते अरण्येश्वरच्या वस्त्यांना विचारा. शहरात आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली. धोका खरा आहे. म्हणूनच तर बांधायच्या आधी कुणीतरी यायला हवं ना! नोटीस द्यायला माणूस येतो, पायाचा खड्डा बघायला येत नाही.

फ्लॅट घेणाऱ्यासाठी २०१७ पासून महारेरा आहे. ठेकेदाराकडून स्वतःचं घर बांधून घेणाऱ्याला तो दरवाजा नाही. ठेकेदार पैसे घेऊन पळाला तर ग्राहक न्यायालयात खेटे घालायचे. ‘बिल्डर’ या शब्दाचंही असंच झालं. घर बांधणारा तो बिल्डर, आणि आम्ही अतिक्रमणवाले.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. तिथे अजून मोकळी वावरं आहेत. भांबुर्ड्याला जे केलं ते तिथे करा: घरं व्हायच्या आधी योजना आखा, आणि तीत एक-दीड गुंठ्याचे भूखंड ठेवा, सगळी जमीन टॉवरवाल्यांना देऊ नका. एक गुंठ्यासाठी पाच-सहा तयार नकाशे क्षेत्रीय कार्यालयात ठेवा, लोखंड किती मिमीचं ते मराठीत लिहून. पाया भरायच्या दिवशी एक ज्युनिअर इंजिनिअर पाठवा. देशपांड्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या मध्यमवर्गासाठी जे केलं, ते आजच्या आर्किटेक्टांपैकी कुणी रिक्षावाल्यासाठी करणार असेल तर आमच्या गल्लीतलं कोपऱ्याचं घर अजून जोत्यावरच आहे. जिना कुठून काढायचा यावर तिथे दोन भावांचं गेले तीन आठवडे भांडण चाललंय.