सातच्या भोंग्यात गप्पाही बसवा

प्रति,
सरपंच व ग्रामसभा,
मोहित्यांचे वडगाव, ता. कडेगाव, जि. सांगली



ऑगस्ट २०२२ मध्ये तुम्ही ठरवलंत की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. कोरोनात शाळेसाठी म्हणून दिलेला फोन शाळा उघडल्यावरही पोरांच्या हातून सुटेना, हे त्याचं निमित्त. मला त्यातलं सगळ्यात पटलं ते हे की नियम थोरांनाही लागू. आई मालिका बघणार आणि पोरानं पाढे म्हणायचे, असला दुटप्पीपणा नाही. एकट्या घराला हे झेपतच नाही. शेजारून मालिकेचं गाणं ऐकू आलं की निश्चय संपला. अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, म्हणून जमलं.

तुमच्याबद्दल जे छापून आलं, त्यात कौतुक मात्र मुख्यतः पोरांच्या अभ्यासाचं. (आपल्याकडे कुठलीही चांगली गोष्ट शेवटी मार्कांपाशीच जाते.) मला काळजी आहे ती घरातल्या बोलण्याची.

तुमच्या भागातली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. दुकान आवरून पोरगा आईला फोन लावतो तो साधारण याच सुमाराला. जेवलीस का, पाऊस झाला का, म्हैस दूध किती देती. बोलणं एवढंच, पण दिवसभर तिचा जीव त्यात अडकलेला. हा फोन रीलच्या हिशेबात धरू नका, तो येऊ द्या.

आणि हाच पोरगा जत्रेला घरी आला की ओट्यावर मान खाली घालून बसतो. आई भाकरीचं ताट पुढ्यात ठेवते, थोडी रेंगाळते, आत जाते. त्याला पत्ता नाही. बोट वर सरकतंय. कुणा तिऱ्हाइताचं लग्न, कुणाचं कुत्रं. कालवणावर साय धरते. वर्षभर ज्या फोनवर तिनं त्याचा आवाज ऐकला, तोच आता दोघांच्या मध्ये.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत एवढं घ्याच. भोंग्याची शेवटची वीस मिनिटं दप्तरं मिटून नुसतं बसण्यासाठी ठेवा. म्हाताऱ्यांना त्यात बोलू द्या, तीच तीच गोष्ट सांगितली तरी. आणि जत्रेच्या, दिवाळीच्या दिवसांत गावी आलेल्या पाहुण्यांना भोंग्यातून सूट देऊ नका. आमच्यासारख्या शहरात गेलेल्यांना तर आधी धरा.

आपला,
पुण्यात राहणारा एक सांगलीकर