तपासणी झाली, निकाल कुठे आहे?



आमच्या तेरखेड्यावरून जाणारा महामार्ग सोलापूरहून निघून थेट धुळ्याला पोहोचतो. मे २०२५ मध्ये त्या धुळ्यातल्या शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपये रोख सापडले. तेव्हा विधिमंडळाची अंदाज समिती जिल्ह्याच्या दौऱ्यावर होती. समितीच्या अध्यक्षांच्या स्वीय सहायकाचे निलंबन झाले, विशेष पथकाची घोषणा झाली. या पैशांशी आपला संबंध नाही, असे अध्यक्षांनी सांगितले. खरे-खोटे चौकशीने ठरवावे, आपण कोण ठरवणारे? पण बातमी वाचून पारावर एकच वाक्य ऐकू आले, "कुंपणच शेत खातंय!"

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. हे कुंपण कशासाठी घातले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आमदारांचे काम भाषण करणे आणि निधी आणणे एवढेच, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात सरकारने खर्च केलेल्या रुपयाचा हिशेब मागणे हे त्यांचे मोठे काम आहे. सभागृहात त्याला वेळ पुरत नाही म्हणून समित्या असतात. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांचे म्हणजे 'कॅग'चे अहवाल तपासते. अंदाज समिती खात्यांचा खर्च पाहते. महामंडळांसाठी सार्वजनिक उपक्रम समिती आणि जिल्हा परिषदांसाठी पंचायत राज समिती. या समित्या सचिवांनाही साक्षीला बोलावू शकतात. केवढा अधिकार हा!

पंचायत राज समितीला आम्ही मास्तर लोक 'पीआरसी' म्हणायचो. ती जिल्ह्यात येणार असे कळले की काय धावपळ! भिंतींना चुना, फळ्यांना काळा रंग, पोषण आहाराच्या नोंदी रात्री जागून पूर्ण. समितीतले काही आमदार खरोखर नेमके विचारत. नोंदवही सोडून ते थेट मुलांनाच विचारत, "काल काय जेवलात?" अशा प्रश्नापुढे चुना चालत नाही.

पण समिती गेल्यावर पुढे काय? माझ्या सगळ्या नोकरीत, समितीला काय आढळले आणि त्यावर काय झाले, हे गावात कोणी वाचून दाखवल्याचे मला आठवत नाही. मुलांची परीक्षा घ्यायची, पेपर तपासायचे आणि निकाल कपाटात कुलूपबंद ठेवायचा, असे मी केले असते तर पालकांनी मला शाळेत उभे केले असते का?

निकाल कपाटात राहिला की तो राजकारणाच्या कामी येतो. जलयुक्त शिवारचेच बघा ना. डिसेंबर २०१४ मध्ये ही योजना सुरू झाली. आमच्या दुष्काळी भागाला तिची केवढी आशा होती! सप्टेंबर २०२० मध्ये 'कॅग'चा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. सहा जिल्ह्यांतली १२० गावे तपासली होती, त्यात आमच्या शेजारचे बीड आणि सोलापूरही. ९,६३३ कोटींहून अधिक खर्च होऊनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल वाढवण्यात योजनेला फारसे यश आले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. तोवर सरकार बदललेले. नव्यांनी चौकशी लावली, जुन्यांनी त्याला सूड म्हटले. २०२२ मध्ये सरकार पुन्हा बदलले आणि योजनेचा दुसरा टप्पा आला. या सगळ्यात कोणत्या गावातला कोणता बंधारा का गळला आणि तो कोणी दुरुस्त करायचा, हा शेतकऱ्याचा साधा प्रश्न मागे पडला. अहवाल एकमेकांना मारायची काठी झाला... विहिरीत पाणी काही वाढले नाही.

काही जण म्हणतील, मग या समित्याच बंद करा. मला हे पटत नाही. वर्गात एक मुलगा कॉपी करताना सापडला म्हणून परीक्षा रद्द करत नाहीत, पर्यवेक्षण कडक करतात. समित्या नसतील तर साहेबाला प्रश्न विचारणार कोण?

माझे म्हणणे फार साधे आहे. एक, समितीने दौऱ्यातला किमान अर्धा दिवस विश्रामगृहाबाहेर, न सांगता निवडलेल्या गावात, गावकऱ्यांसमोर बसावे. दोन, जिल्ह्याबद्दल जे आढळले ते मराठीत, सोप्या शब्दांत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे आणि ग्रामसभेत वाचले जावे. १ मे, १५ ऑगस्टला ग्रामसभा भरतातच. तीन, सरकारने त्यावर काय केले, तेही त्याच फलकावर लागावे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेनेच करावे, अशी तरतूद होती. म्हणजे कल्पना काही नवी नाही.

आणि थोडे आपल्याबद्दलही. आमदार गावात आले की आपण काय मागतो? सभामंडप, रस्ता, हायमास्ट दिवा. मागावेच. पण त्याबरोबर एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे : "साहेब, तुम्ही कोणत्या समितीवर आहात, आणि वर्षभरात तिच्या किती बैठकांना गेलात?"

पहिल्या वर्षी उत्तर मिळणार नाही. पाच गावांनी विचारले तर दुसऱ्या वर्षी ते तयारी करून येतील. विद्यार्थ्यांचा मला एवढा अनुभव नक्की आहे!