घडी घातली की सायकलचं 'सामान' होतं

"कितीला पडली?", "गिअर किती आहेत?" आणि "पण एवढी मोठी सायकल घडी घालून उपयोग काय?"

गेल्या दीड वर्षात हे तीन प्रश्न याच क्रमाने मला निदान शंभर जणांनी विचारले असतील. पहिल्या दोनांची उत्तरं सोपी आहेत. सेकंडहँड १८ हजार, आणि ७. तिसरा प्रश्न मात्र खरंच चांगला आहे, म्हणून आज त्याबद्दल जरा सविस्तर.

घडीची सायकल म्हटलं की डोळ्यासमोर येते ती छोट्या चाकांची, लांब मानेची. माझी तशी नाही. चाकं चांगली २६ इंची आहेत, साध्या एमटीबीसारखी. उघडी असताना शेजारून जाणाऱ्याला शंकाही येत नाही. मधल्या दांड्यात एक जाडजूड बिजागरी, तिच्यावर क्लॅम्प, आणि तो चालत्या सायकलवर उघडू नये म्हणून वर एक खटका, एवढाच काय तो फरक. सीट खाली करायची, हँडल उतरवायचं, पायडल दुमडायचे, क्लॅम्प सोडायचा, की पुढचं चाक गुमान मागच्या चाकाशेजारी येऊन उभं राहतं. जाहिरातीत हे काम ३० सेकंदांत होतं. मला पट्टा बांधण्यासकट सव्वा मिनिट लागतं. आणि हो, वजन १४ किलो.

"मग छोट्या चाकांची का नाही घेतलीस? हलकी तरी पडली असती!" याचं उत्तर अकरावीच्या भूमितीत आहे. रस्त्यात ३० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा आहे असं समजा (पुण्यात हे समजावं लागत नाही :)). चाक त्यात किती खोल उतरेल, हे चाकाच्या त्रिज्येवर ठरतं. टायरसकट २६ इंची चाकाची त्रिज्या साधारण ३३ सेंटिमीटर, ते उतरतं ३.६ सेंटिमीटर. २० इंची चाक ५ सेंटिमीटर, आणि १६ इंची चाक जवळजवळ ६.३. म्हणजे खड्डा तोच, पण छोट्या चाकाला तो पावणेदोनपट खोल! स्पीडब्रेकरचं गणितही याच चालीचं आहे. गुळगुळीत रस्त्यांच्या गावात छोटं चाक उत्तम. आपल्याकडे पाठीचा कणा एकच मिळतो.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. चाक काही दुमडता येत नाही, त्यामुळे घडी चाकापेक्षा लहान होऊ शकत नाही. लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात ब्रॉम्प्टन बनवली ती १६ इंची चाकांची, आणि म्हणूनच ती टेबलाखाली जाते. माझी सायकल घडी घालूनही मोठ्या सुटकेसएवढी राहते. टेबलाखाली काय, टेबलाशेजारीसुद्धा नीट मावत नाही.

मोठ्या चाकांच्या घडीच्या सायकलींमधलं एक गाजलेलं नाव म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बीएसए कंपनीने पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली सायकल. ती घडी करून विमानात न्यायची, खाली उतरलं की एकदा उघडायची आणि पुढे नुसती चालवायची. या जातीचा स्वभावच तो. कमी वेळा घडी, जास्त वेळ प्रवास. दिवसातून आठ वेळा दुमडायची असेल तर छोटी घ्या. दोनदा-तीनदा दुमडायची आणि मधे खरंखुरं अंतर कापायचं असेल, तर मोठी.

माझं अंतर असं आहे. घर कोथरूडला, ऑफिस खराडीला. घरून वनाज स्टेशन दीड किलोमीटर, तिथून मेट्रोने रामवाडी, आणि रामवाडीपासून ऑफिस आणखी साधारण सहा किलोमीटर. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली आणि हे जमायला लागलं. त्याआधी बाइकने सव्वा तास धूर खात जायचं, किंवा कॅबवाल्याच्या विनवण्या करायच्या. शेवटचे सहा किलोमीटर हीच खरी गोम आहे. चालायला फार, रिक्षाला रोज परवडत नाही, आणि सायकलला अगदी बेतशीर.

इथे चाणाक्ष वाचक म्हणतील, "पुणे मेट्रोत तर अख्खी सायकल नेता येते की!" बरोबर. २०२२ साली मेट्रो सुरू झाली तेव्हाच ती मुभा जाहीर झाली होती. पण आपली मेट्रो तीन डब्यांची. सकाळी नऊला अख्खी सायकल घेऊन दारात उभं राहिलात, तर नियम तुमच्या बाजूने असतो आणि डबा विरुद्ध. घडी घातली की मी एक ओझंवाला प्रवासी होतो, आणि ओझंवाल्या प्रवाशाला आपल्याकडे सगळे सरकून जागा देतात. सायकलवाल्याकडे मात्र "हा इथे कशाला आला" असं बघतात.

नियम करणाऱ्यांचंही असंच आहे. बंगळुरूच्या मेट्रोने २०२१ च्या जूनमध्ये घडीच्या सायकलींना परवानगी जाहीर केली, पण अट घातली ६० बाय ४५ बाय २५ सेंटिमीटरची. आता २० इंची चाकाचाच व्यास टायरसकट ५० सेंटिमीटर. म्हणजे सायकल सोडा, तिचं एक चाकसुद्धा त्या चौकटीत सपाट मावत नाही! बॅगेचा नियम उचलून सायकलला लावला की असं होतं. याउलट सिंगापूरने मर्यादा ठेवली १२० बाय ७० बाय ४० सेंटिमीटर. हा आकडा सायकलकडे बघून ठरवलेला दिसतो. दोन्ही ठिकाणी परवानगी 'आहे'. फरक एवढाच, की एका ठिकाणी ती वापरता येते.

आता ऑफिसची गोष्ट. आमच्या बिल्डिंगच्या गेटवर पहिल्या दिवशी सिक्युरिटीवाले म्हणाले, "सर, सायकल आत अलाउड नाही." पार्किंगमध्ये कारला जागा, टू-व्हीलरला जागा, सायकलला रकानाच नाही. मी बाजूला झालो, घडी घातली, पिशवी चढवली आणि परत आलो. "हे काय?" "सामान." "मग ठीके."

तीच सायकल, तेच १४ किलो. आमच्या धंद्यात याला टाइपकास्टिंग म्हणतात. डेटा तोच, फक्त प्रकार बदलला की कंपायलर तक्रार करत नाही. त्या दिवशी मी ही गोष्ट टीममध्ये रंगवून सांगितली आणि सगळे हसले.

पण गेटच्या बाहेर, कंपाउंडला टेकवून, रोज सात-आठ सायकली उन्हापावसात उभ्या असतात. हाउसकीपिंगवाल्यांच्या, कॅन्टीनमधल्या पोरांच्या, खुद्द त्या सिक्युरिटीवाल्यांच्या. काळ्या, मोठ्या दांड्याच्या, मागे कॅरिअरवाल्या. त्यांची घडी होत नाही, त्यामुळे त्यांचं सामान होत नाही, त्यामुळे त्या आत येत नाहीत. आमच्या मजल्यावरचे हाउसकीपिंगचे काका मला एकदा म्हणाले, "तुमचं बरंय सर, तुमची गाडी तुमच्याबरोबर एसीत बसते. माझी दोनदा गेली." दोनदा सायकल चोरीला जाणं म्हणजे काय, हे माझ्यापेक्षा त्यांच्या पगाराला जास्त कळतं.

तेव्हापासून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी वेगळं देतो. घडीचा उपयोग काय? घडी हा वर्कअराउंड आहे. शहराने सायकलला जागा दिली नाही, म्हणून मी सायकलच नाहीशी करायला शिकलो. वर्कअराउंडवर माझा राग नाही, माझी अर्धी नोकरी त्यावरच चालते. पण ज्याला वर्कअराउंड परवडतो तो बग रिपोर्ट करायचं बंद करतो, हा त्यातला धोका. घडीवाले आत गेले की गेटवर तक्रार करणारं कुणी उरत नाही. बाहेर जे उरतात, त्यांना "सर, अलाउड नाही" एवढंच ऐकायची सवय आहे.

बरं, बग मोठा आहे का? पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकलचा सर्वंकष आराखडा मंजूर केला, शेकडो किलोमीटर ट्रॅकचा. ते ट्रॅक, फुटपाथ, पूल वगैरे आपल्या हातात नाही, मान्य. पण गेटच्या आतली जागा? एका कारला साधारण अडीच बाय पाच मीटर लागतात. तेवढ्यात आठ-दहा सायकली आरामात उभ्या राहतात. जमिनीत रोवलेले पाच-सहा लोखंडी कमानीसारखे पाइप, वर पत्रा, आणि कॅमेऱ्याचं तोंड थोडं तिकडे. एका कारची जागा, बास. याला ना टेंडर लागतं, ना महापौर.

ज्यांना अशी सायकल घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी एक आठवडा दिवसाला किती वेळा घडी घालावी लागेल ते मोजा, चारच्या वर गेलात तर मोठ्या चाकांचा नाद सोडा. लिफ्ट बंद पडली तर १४ किलो किती मजले नेऊ शकता, हेही बघून ठेवा. दुकानात सायकल उघडून पुढचा ब्रेक दाबा आणि हँडल पुढेमागे हलवा. बिजागरीत किंचितही खेळ जाणवला तर पैसे खिशातच ठेवा. घेतल्यावर महिन्यातून एकदा क्लॅम्प तपासा. आणि घडीवर घालायला पिशवी शिवून घ्या, नाहीतर चेनचं ग्रीस शेजाऱ्याच्या पॅन्टला लागतं आणि मग सरकून जागा देणारे लोक शिव्या देतात.

आणि सायकल घ्यायची नसेल, तरी सोमवारी एक काम करा. ऑफिसच्या अ‍ॅडमिनला मेल टाका, एका ओळीचा : "आपल्याकडे सायकल कुठे लावायची?" तुम्ही सायकलवर येत नाही, हे सांगायची काही गरज नाही. हा प्रश्न बाहेर सायकल लावणाऱ्यांनी विचारला तर त्यांना गेट दाखवतात. तुम्ही विचारलात तर निदान मीटिंग तरी होईल. आणि मीटिंगा लावण्यात आपला हात कोण धरणार?