स्प्रिंग किती कडक असावी?

"अरे, मी रिक्षाने येते. तू हो पुढे."

आईचं हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा गाडी दारात उभी होती, मी मोकळा होतो आणि जायचं होतं कोथरूडहून डेक्कनपर्यंत. तिला मणक्याचा त्रास आहे, पण तक्रार करायचा स्वभाव नाही. ती फक्त रिक्षाला हात करते. आता पुण्यातली रिक्षा माझ्या गाडीपेक्षा आरामदायक वाटत असेल, तर आपलं काहीतरी सणसणीत चुकलंय हे कळायला इंजिनियर असावं लागत नाही. (मी आहे, तरी उशिराच कळलं.)

तर प्रकरण असं. माझ्याकडे सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय आहे. इंजिन झकास. पण ताम्हिणीच्या वळणांवर गाडी जरा कलते, असं मला वाटायचं. ट्रॅकवर गाडी पळवणारा एक मित्र म्हणाला, "समोर 8 किलोच्या स्प्रिंगा टाक, गाडी रुळावरून चालल्यासारखी चालेल." 8 किलो म्हणजे स्प्रिंग 1 मिलिमीटर दाबायला 8 किलोंचा भार लागतो. मी कॉईलओव्हर आणले, गाडी 3 सेंटिमीटर खाली बसवली आणि सोमवारी रुबाबात हिंजवडीला निघालो. चांदणी चौकापर्यंत रुबाब उतरला होता.

नंतर कागद-पेन घेऊन बसलो. हे खरं तर आधी करायला हवं होतं, पण आम्ही सॉफ्टवेअरवाले आधी डिप्लॉय करतो, मग विचार करतो. असो.

नुसत्या कडकपणाच्या आकड्याला काही अर्थ नसतो. त्या स्प्रिंगवर वजन किती आहे त्याला अर्थ असतो. दोन्ही मिळून गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली डोलते, तो आकडा काढायचा. स्प्रिंगचा कडकपणा भागिले वजन, त्याचं वर्गमूळ, भागिले 6.28. बारावीचं फिजिक्स. फक्त कडकपणा चाकापाशी मोजायचा. त्यासाठी चाकाच्या तुलनेत स्प्रिंग किती हलते त्या गुणोत्तराचा वर्ग घेऊन त्याने गुणायचं.

माझ्या आकाराच्या हॅचबॅकमध्ये पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक आणि ब्रेक सोडून, साधारण 315 किलो धरू. गुणोत्तर 0.95. मग उत्तरं अशी येतात: 2.5 किलोची स्प्रिंग म्हणजे 1.33 हर्ट्झ, 3 किलोची 1.46, 5 किलोची 1.89 आणि आमची 8 किलोची तब्बल 2.39.

रोजच्या साध्या गाड्या 1 ते 1.5 हर्ट्झमध्ये असतात आणि स्पोर्टी गाड्या 1.5 ते 2 मध्ये. त्याच्या वरचा प्रदेश रेसिंगचा. म्हणजे मी आईला रेसकारमध्ये बसवून मंडईत नेत होतो!

शिवाय आपलं शरीर 4 ते 8 हर्ट्झच्या उभ्या कंपनांना सगळ्यात जास्त संवेदनशील असतं. स्प्रिंग जितकी कडक, तितकी ती कंपनं जास्त प्रमाणात सीटपर्यंत पोचतात. मणका दुखतो तो उगाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, आराम गेला तर गेला, गाडी वळणावर तर चिकटते ना? इथेच खरी गंमत आहे. वळताना आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. एकूण किती जातो हे गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधली रुंदी आणि वळणाचा जोर यावर ठरतं. स्प्रिंग कडक केली म्हणून तो जवळजवळ बदलतच नाही. गाडी कमी कलते, टायर रस्त्याला जरा सरळ टेकतो, स्टिअरिंगला चटकन उत्तर मिळतं. हे फायदे खरे आहेत, पण गुळगुळीत रस्त्यावर. ताम्हिणीत जिथे डांबर उखडलंय तिथे कडक स्प्रिंगवरचं चाक खड्ड्यात उतरायच्या ऐवजी वरून उडी मारतं. हवेत असलेल्या टायरला पकड नसते, मग गाडी कितीही स्पोर्टी असो.

गाडी खाली बसवण्याचाही तोटा आहे. चाकाला वर यायला जागा कमी उरते, मग दणका थेट बंप स्टॉपवर. त्यात पुढच्या मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये खालचा आर्म उलटा तिरका झाला, तर ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो. म्हणजे खाली बसवल्यामुळे कलण्याचा जोर उलट वाढू शकतो. घ्या!

आणि शॉकअप. तेच मूळ शॉकअप ठेवून स्प्रिंग 2.5 वरून 8 वर नेली, तर डॅम्पिंगचं प्रमाण 56 टक्क्यांवर येतं. गाडी एकदा उसळली की उसळतच राहते. म्हणून नुसत्या स्प्रिंगा बदलणं हा अर्धवट धंदा आहे.

मागच्या स्प्रिंगांचा हिशोब वेगळा. 1930च्या दशकात जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली यांनी दाखवलं की मागच्या बाजूची फ्रिक्वेन्सी पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवावी. उंचवट्यावरून पुढची चाकं आधी जातात, मागची उशिरा. मागची बाजू जरा भरभर डोलली तर पुढचीला गाठते आणि गाडीचं होडीसारखं हिंदकळणं थांबतं. आता मागे आई-बाबा, डिकीत गावाकडून आणलेलं तांदळाचं पोतं, म्हणजे मागचं वजन वाढून फ्रिक्वेन्सी उतरणार. त्यामुळे मागची स्प्रिंग निवडताना रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही गाड्यांचा हिशोब करा.

माझं मत सरळ आहे. रोजच्या गाडीची स्प्रिंग तिच्या सगळ्यात वाईट किलोमीटरसाठी निवडावी, सगळ्यात चांगल्या किलोमीटरसाठी नाही. आपण सर्व्हर कशासाठी डिझाइन करतो? डेमोसाठी की सोमवार सकाळच्या लोडसाठी? आपल्या रस्त्यावरचा सोमवारचा लोड म्हणजे स्पीडब्रेकर. आयआरसी 99 या मानकात गोलाकार स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 25 च्या वेगाने ओलांडता येईल असा सांगितलाय. आमच्या सोसायटीसमोरचा मात्र भिंत आडवी पाडल्यासारखा आहे, आणि गाडी रोज त्याच्यावरून जाते.

म्हणून क्रम असा: आधी चांगले टायर आणि त्यांतली हवा. मग थकलेले शॉकअप बदला. कलणं खुपतच असेल तर थोडा जाड अँटी-रोल बार. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर तो मधे पडत नाही (एकच चाक खड्ड्यात गेलं तर मात्र गचका वाढवतो). एवढ्यानेही समाधान नसेल तर मूळपेक्षा 20 टक्के कडक स्प्रिंग आणि तिच्या जोडीचे शॉकअप. 20 टक्क्यांनी फ्रिक्वेन्सी जेमतेम 10 टक्के वाढते. पुढे 1.5 हर्ट्झच्या आसपास थांबा. आणि काहीही करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि स्वतःची विमा पॉलिसी वाचा. हे मी नंतर वाचलं, तुम्ही आधी वाचा.

मूळ स्प्रिंगा मी भंगारात दिल्या नव्हत्या, हे नशीब. शेवटी त्याच परत बसवल्या, नवे शॉकअप आणि नवे टायर घातले. ताम्हिणीत गाडी अजून जरा कलते. कलू दे. गेल्या रविवारी आई मागे बसली होती. चांदणी चौक गेला तरी आवाज नाही म्हणून आरशात पाहिलं, तर तिचा डोळा लागला होता.

कॉईलओव्हर गच्चीवरच्या खोलीत पडलेत. कुणाला हवे असतील तर सांगा.

किंवा राहू द्या, नकाच घेऊ.